कल्याणचं म्युटेशन, ऑक्सफर्डचा स्फटिक

पॉडकास्टमध्ये चित्र दाखवता येत नाही, ही आमची जुनी अडचण. जी6पीडीवरच्या भागात आम्ही ज्या चित्राभोवती फिरत होतो, ते आता तुम्हीच उघडा. प्रोटीन डेटा बँकेच्या साइटवर 1क्यूकेआय हा कोड शोधा. पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही. पडद्यावर रंगीत फितींची एक मोठी गुंतवळ येईल. माउसने ती फिरवता येते, जवळ आणता येते. ग्लुकोज-6-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज या मानवी एन्झाइमची ही स्फटिकरचना आहे. शॅनन ऑ, शीला गोव्हर, व्हेरॉनिका लॅम आणि मार्गारेट ॲडम्स यांनी ती 2000 साली 'स्ट्रक्चर' या नियतकालिकात मांडली.

एका जुन्या शोधनिबंधाचं रसग्रहण आत्ता कशाला? कारण तुमच्यापैकी बरेच जण आखातात राहतात. या भागात जी6पीडीची कमतरता भरपूर आढळते, आणि नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्तावर हीही चाचणी होणं इथे नवीन नाही. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एखाद्या विसाव्या मजल्यावर, चार दिवसांचं बाळ शेजारी झोपलेलं असताना, 'जी6पीडी डेफिशियंट' असं लिहिलेला रिपोर्ट फोनवर येतो. माणूस तेच शब्द शोधतो, आणि पहिल्या काही निकालांत हे फितींचं चित्र असतंच. चित्र इतकं आत्मविश्वासाने रंगवलेलं असतं की वाटतं, उत्तर याच्यातच आहे. त्यात काय आहे आणि काय नाही, एवढंच इथे तपासायचं आहे.

आधी एन्झाइमचं काम. चयापचयात ग्लुकोजची एक वाट ऊर्जेकडे जाते, दुसरी जरा आडवाटेने. या आडवाटेच्या पहिल्या पायरीवर जी6पीडी बसलेलं असतं. ते ग्लुकोज-6-फॉस्फेटकडून हायड्रोजन काढून एनएडीपीला देतं आणि एनएडीपीएच तयार करतं. एनएडीपीएचच्या जोरावर पेशी ऑक्सिडेशनचा मारा झेलते. शरीरातल्या बाकीच्या पेशींकडे एनएडीपीएच मिळवायचे इतरही मार्ग असतात. तांबड्या रक्तपेशीकडे ना केंद्रक, ना मायटोकाँड्रिया. तिची सगळी भिस्त या एकाच एन्झाइमवर. ते कमी पडलं आणि मारा वाढला की पेशी फुटतात, लघवी गडद होते, कावीळ चढते, आणि नवजात बाळात ही कावीळ मेंदूपर्यंत इजा करू शकते.

आता स्फटिक. जेएलटीतल्या वाचकांना अल्मास टॉवर दाखवायला नको. अल्मास म्हणजे हिरा, आणि दुबईच्या हिरेबाजाराचा पत्ताही तोच. हिऱ्यामुळे 'स्फटिक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी टणक, कायमचं येतं. प्रथिनाचा स्फटिक याच्या अगदी उलट. त्यात बहुतेकदा निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, सुईने टोचला तर चुरा होतो, उघडा ठेवला तर वाळून बिघडतो. त्याच्यात हिऱ्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे शिस्त. एकाच मुद्रेत उभे असलेले अगणित रेणू. त्यांच्यावर क्ष-किरण सोडले की ठिपक्यांचा नमुना मिळतो, गणिताने त्यातून इलेक्ट्रॉनांच्या दाटीचा नकाशा काढतात, आणि त्या धुकट नकाशात प्रथिनाची साखळी बसवतात. म्हणजे तुम्ही पाहताय तो फोटो नव्हे. ते एक वाचन आहे, आणि वाचनाची जात किती बारीक ते निबंधात आकड्याने सांगितलेलं आहे: 3 अँगस्ट्रॉम.

हा आकडा नीट घ्या. दोन कार्बन अणूंमधलं अंतर साधारण दीड अँगस्ट्रॉम असतं. म्हणजे 3 अँगस्ट्रॉमच्या नकाशात अणू सुटे दिसत नाहीत. साखळी कुठून कुठे वळली ते खात्रीने सांगता येतं, बाजूच्या मोठ्या शाखा कुठे झुकल्यात ते बऱ्यापैकी, हायड्रोजन मुळीच नाही. फितींच्या चित्रात मात्र हा सगळा धुकटपणा पुसला जातो. जेन रिचर्डसन यांनी 1981 च्या सुमारास रूढ केलेली ही फितींची पद्धत फार सुंदर आहे, प्रथिनांचा अख्खा विषय तिने डोळ्यांना परवडेल असा केला. पण 1 अँगस्ट्रॉमची रचना आणि 3 अँगस्ट्रॉमची रचना फितींत सारखीच गुळगुळीत दिसते, हा तिचा दोषही मान्य करायला हवा. म्हणून कुठलीही रचना बघताना आधी हा आकडा बघायची सवय लावा. दुसरी सवय, रामचंद्रन आलेख बघायची. साखळीचे कोन निसर्गाला परवडणारे आहेत का, हे तपासायची ही कसोटी जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये मद्रासहून दिली, आणि आजही जगातली प्रत्येक प्रथिनरचना त्या चाळणीतून जाते.

मार्गारेट ॲडम्स यांच्याबद्दल एक आडचं सांगायला हवं. डोरोथी हॉजकिन यांच्या ऑक्सफर्डच्या चमूने 1969 मध्ये इन्सुलिनची रचना प्रसिद्ध केली, तेव्हा त्या निबंधावर पहिलं नाव ॲडम्स यांचं होतं. त्याच यादीत एम. विजयन होते, ज्यांनी पुढे बंगळुरूला प्रथिन-स्फटिकशास्त्र रुजवलं. म्हणजे जी6पीडीचं हे काम अशा एका घराण्यातलं आहे, जिथे एकेका रेणूला वर्षानुवर्षं देणं ही रीत होती. निबंध वाचताना ती शिस्त जाणवते.

आता निबंधाचं खरं बळ. शीर्षकातच त्यांनी सांगून टाकलंय: या रचनेत एक 'स्ट्रक्चरल' एनएडीपी सापडतं. एनएडीपी हा तर या एन्झाइमचा कच्चा माल, तो सक्रिय जागेत येणार आणि रूपांतर होऊन जाणार. पण नकाशात त्याचा आणखी एक रेणू दिसला. सक्रिय जागेपासून लांब, जिथे एन्झाइमचे दोन घटक एकमेकांना चिकटतात त्या सांध्याच्या जवळ. हा रेणू कुठल्याही रासायनिक क्रियेत भाग घेत नाही. तो फक्त तिथे असतो, आणि तो असल्यामुळे बाकीची रचना टिकते. कामकाजात नाव नसलेला, पण काढला तर माळा खाली येईल असा खांब.

हे महत्त्वाचं का, ते कळायला सहा वर्षं मागे जावं लागतं. 1994 मध्ये याच एन्झाइमची एक रचना आली होती, ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडीस या जिवाणूच्या एन्झाइमची. (हे ल्यूकोनोस्टॉक तुमच्या ओळखीचं आहे. इडली-डोशाचं पीठ फुगवणाऱ्यांत त्याचा मोठा वाटा.) मधल्या काळात मानवी म्युटेशनं समजून घ्यायला लोक जिवाणूचाच नकाशा वापरत होते. सक्रिय जागेच्या बाबतीत ते चाललं. पण जिवाणूच्या एन्झाइममध्ये हा दुसरा एनएडीपी नसतोच. त्या उसन्या नकाशात खांबाची जागाच नव्हती, आणि जी म्युटेशनं सगळ्यात घातक, बाहेरचा कुठलाही मारा नसतानाही आयुष्यभर रक्तपेशी फोडत राहणारी, त्यांतली बरीचशी नेमकी त्या जागेभोवती आणि सांध्याभोवती गोळा झालेली होती. सक्रिय जागेपासून इतक्या लांबचा बदल इतका वाईट कसा, हे कोडं मानवी रचना हातात आल्यावर सुटायला लागलं. एका चित्राने याहून जास्त काय करावं? हा भाग मी पुन्हा वाचला तरी तितकाच आवडतो.

तक्रार दोन ठिकाणी आहे.

पहिली शीर्षकाबद्दल. शीर्षक म्हणतं 'मानवी' एन्झाइम. आत गेल्यावर कळतं की स्फटिक 'कँटन' या बदललेल्या एन्झाइमचा आहे. 459 व्या जागी आर्जिनीनऐवजी ल्यूसीन. दक्षिण चीनमध्ये नेहमी आढळणारं हे म्युटेशन. निबंधाने ते लपवलेलं नाही, डेटा बँकेच्या नोंदीतही ते स्वच्छ लिहिलंय. पण पुढे हे चित्र जिथे जिथे गेलं, तिथे 'निरोगी' एन्झाइमचं चित्र म्हणून दाखवलं जाताना मी पाहिलंय, आणि तुलनेसाठी म्युटेशनं त्याच्यावर लाल ठिपक्यांनी मांडलेली. म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची, तोही एक कमतरतेचा रुग्णच. निबंधाच्या निष्कर्षांना याने मोठा धक्का बसत नाही, कारण एकूण ठेवण तीच राहते. पण शीर्षकात एक शब्द घालायला काय हरकत होती?

दुसरी तक्रार शीर्षकाच्या शेपटीबद्दल. रचनेतून 'एन्झाइमच्या कमतरतेबद्दल अंतर्दृष्टी' मिळते, असं ते वचन आहे. ते पाळलं गेलं, पण ज्यांच्या बाबतीत पाळलं गेलं ते रुग्ण जगभर मिळून फार थोडे. कोट्यवधी लोकांच्या अंगात जी म्युटेशनं आहेत, त्यांच्याबद्दल चित्र खूपच कमी बोलतं. आपलंच उदाहरण घेऊ.

1984 साली एका कोळी कुटुंबात या एन्झाइमचा एक नवा प्रकार सापडला. त्याला नाव दिलं 'जी6पीडी कल्याण'. हो, तेच कल्याण, जिथली लोकल पकडून तुमचे आईवडील कामाला जायचे. तेव्हा प्रकार ओळखायचे ते एन्झाइमच्या वागण्यावरून: विजेच्या क्षेत्रात किती वेगाने सरकतं, उष्णतेत किती टिकतं, कुठल्या आम्लतेला नीट चालतं. त्या मोजमापांवरून केरळमधला एक प्रकार वेगळा ठरला होता, जामनगरचा वेगळा, रोहिणी नावाचा आणखी एक वेगळा. 1992 मध्ये जनुकाची अक्षरं वाचली तेव्हा कळलं की कल्याण आणि केरळ एकच: 949 व्या जागी जीचा ए, म्हणून 317 व्या अमिनो आम्लात ग्लुटामेटचं लायसीन. 2005 मध्ये मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीच्या संशोधकांनी जामनगर आणि रोहिणीही तेच असल्याचं दाखवलं. चार गावं-नावं, चार ओळखी, अक्षर एकच. मला हा किस्सा त्या अख्ख्या रचनेपेक्षा जास्त बोलका वाटतो, कारण मोजमापाच्या पद्धतीने 'वेगळेपण' कसं तयार होतं ते यात उघडं पडतं.

मग 2000 चं चित्र 317 बद्दल काय सांगतं? पत्ता सांगतं. दोनपैकी मोठ्या विभागात, इथे. ऋण भाराच्या जागी धन भार आला हे अक्षरावरूनच कळलं होतं. त्याने शेजाऱ्यांचं काय झालं, एन्झाइम कितीने लवकर उलगडतं, रुग्णाला काय आणि कधी होईल, हे एका स्थिर चित्रातून वाचता येत नाही. ओरिसा प्रकाराचं गणित आणखी वेगळं. भारतातल्या आदिवासी समाजांत प्रामुख्याने आढळणारं हे म्युटेशन 44 व्या जागी आहे आणि ते एनएडीपी पकडायची ताकदच कमी करतं. एन्झाइम टिकतं, पण पकड सैल. तिसरीकडे मेडिटेरेनियन, 188 व्या जागचं. भारतातल्या शहरी वस्तीत आणि आखातातही भरपूर सापडणारं. त्याचा प्रश्न मुख्यतः टिकाऊपणाचा. तीन म्युटेशनं, तीन निराळ्या कथा, आणि चित्रात तिघांना सारखेच तीन लाल ठिपके.

टिकाऊपणा म्हणजे वेळ, आणि स्फटिकात नेमका वेळ नसतो. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. केंद्रक नसल्याने ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही, मज्जेतून निघताना दिलेली शिदोरी तेवढीच. 1968 मध्येच मोजलं गेलं होतं की साध्या जी6पीडीची क्रिया निम्मी व्हायला सुमारे 62 दिवस लागतात, आणि आफ्रिकेत आढळणाऱ्या 'ए मायनस' प्रकाराची निम्मी व्हायला सुमारे 13. म्हणजे त्या माणसाच्या रक्तात तरुण पेशी ठीक असतात आणि म्हाताऱ्या पेशी रित्या. प्रायमाक्वीन घेतल्यावर आधी म्हाताऱ्या पेशी फुटतात, तरुण तगतात. म्हणूनच झटका येऊन गेल्यावर लगेच केलेली चाचणी कधीकधी नॉर्मल येते आणि डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. जिथे हिवताप आहे तिथे हा पुस्तकी मुद्दा नाही. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात व्हायवॅक्स हिवतापावर 14 दिवस प्रायमाक्वीन द्यायचं की नाही, हा निर्णय याच्यावर अडतो. निबंधातला खांब हा या काळाचाच एक खुलासा आहे, हे लेखकांना ठाऊक होतं. पण तो दुवा वाचकाला स्वतः जोडावा लागतो.

चित्रात आणखी एक गोष्ट नाही: बाई. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलाला एकच एक्स, आईकडून आलेलं, त्यामुळे मुलाच्या सगळ्या तांबड्या पेशी सारख्या. (यावरून 'तुमच्या बाजूने आलं' हे वाक्य किती घरांत बोललं गेलं असेल, ते सोडा. कुणी एक्स निवडून देत नाही.) आईच्या शरीरात मात्र प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स मिटलेलं असतं. म्हणून तिच्या रक्तात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी फिरतात, काही भरलेल्या, काही रित्या, आणि प्रमाण प्रत्येकीत वेगळं. होय-नाही स्वरूपाची चाचणी अशा बाईला 'नॉर्मल' म्हणून मोकळी करू शकते. रिपोर्टवर नुसता शिक्का असेल तर टक्केवारी विचारा. टॅफेनोक्विनसारखं औषध द्यायला 70 टक्क्यांच्या वर क्रिया लागते, शिक्क्याने तिथे भागत नाही.

रिपोर्टसोबत जी 'टाळायच्या गोष्टींची' यादी हातात पडते, तिच्याबद्दलही दोन शब्द, कारण चित्र आणि यादी हे जोडीनेच घरात येतात. यादीत 'बीन्स' असतं. आता तुमच्या टॉवरखालच्या कॅफेटेरियात सकाळी जे फूल मुदम्मस मिळतं, त्यातलं फूल म्हणजे पुष्प नव्हे, ते फाबा बीन: व्हिसिया फाबा, हिंदीतला बाकला. धोका त्याच्यात आहे, त्यातल्या व्हायसिन आणि कॉनव्हायसिनमुळे. आपला वाल हे वेगळं कूळ, लॅबलॅब. पावटाही त्याच कुळातला. इंग्रजीत कुणी दोघांनाही 'ब्रॉड बीन' म्हणतं, भाषांतर होता होता यादीत 'सर्व शेंगा आणि कडधान्यं' होतात, आणि एखादी आई बिरड्याची उसळ, मटकी, चवळी सगळं बंद करून बसते. डॉक्टरांना विचारताना 'बीन्स खाऊ का' असं विचारू नका, वनस्पतीचं नाव घेऊन विचारा.

याच्या उलट, जी गोष्ट यादीच्या तळाला बारीक अक्षरात असते, ती आपल्या घरांत जास्त खरी आहे. डांबरगोळ्या. नॅप्थलीन. आजीने ट्रंकेत वर्षानुवर्षं जपलेली गोधडी, तुमच्या बाळपणीची झबली, सगळ्यांत त्या गोळ्यांचा वास मुरलेला. ते गाठोडं बॅगेतून दुबईला येतं आणि थेट बाळाच्या अंगाखाली जातं. नॅप्थलीनच्या वाफेनेही जी6पीडी कमी असलेल्या नवजात बाळाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात, अशी प्रकरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. बाळाचे कपडे त्या ट्रंकेतले नकोत, आणि घरात त्या गोळ्याच नकोत. आजीला फोन करून हे आधीच सांगा, गाठोडं विमानात बसायच्या आत.

निबंध छापून आल्यानंतरच्या पाव शतकात त्याचं काय झालं? जगाने तो पुढे नेला, आणि ज्या दिशेने नेला त्यावरून त्याच्या ताकदीचा अंदाज येतो. 2018 मध्ये स्टॅनफर्डच्या चमूने एजी1 नावाचा एक छोटा रेणू शोधला. तो दोन घटकांचा सांधा धरून ठेवायला मदत करतो आणि कँटनसकट अनेक प्रकारांची क्रिया प्रयोगशाळेत वाढवतो. अजून ते औषध झालेलं नाही, पण कल्पना सरळ खांबाच्या शेजारची आहे. 2021 मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने अतिघातक म्युटेशनांच्या स्वतःच्या रचना काढल्या आणि दाखवलं की खांबाजवळचा बिघाड साखळीतून लांबवर पसरत सक्रिय जागेपर्यंत पोचतो. 2000 च्या चित्राने जे सुचवलं होतं, ते आता बदललेले रेणूच बाजूबाजूला ठेवून दिसलं. वर्गवारीही हलली. जागतिक आरोग्य संघटनेने पूर्वीचे पाच वर्ग मोडून ए, बी, सी, यू असे नवे केले. जुना दुसरा आणि तिसरा वर्ग आता एकाच 'बी'मध्ये आहेत, कारण रुग्णाच्या दृष्टीने त्यांच्यातला फरक टिकत नव्हता. जुन्या निबंधांतले आकडे वाचताना हे ध्यानात ठेवा.

आता पुन्हा त्या खिडकीकडे या. साखळी निवडा, 317 शोधा, तिथे क्लिक करा. कँटनच्या स्फटिकात ही जागा शाबूत आहे, ग्लुटामेटच दिसेल. कल्याणच्या त्या कोळी कुटुंबात तिथे लायसीन होतं. मग 459 वर जा आणि दोन्हींमधलं अंतर मोजा, त्यासाठीचं बटण तिथेच उजवीकडे आहे.